पॅरिसचे सूर

"फक्त भाता. आत हात घालायचं कारण नाही."

गुळवणी मास्तरांनी पेटी टेबलावर ठेवली, आणि ठेवल्यावरही दोन्ही हात तिच्यावरच राहू दिले. सत्तरीला टेकलेला माणूस. गावभागातून आमच्या दुकानापर्यंत सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून, सायकल हातात धरून, भर दुपारी चालत आले होते. सदरा पाठीला चिकटला होता.

"मास्तर, सांगावा धाडला असता तर मी दिगूला पाठवलं नसतं का?" काका म्हणाले.

"असू दे हो. बुधवारपर्यंत होईल ना? गुरुवारी वाजवायचंय."

"होतंय की. भात्याचं कातडं फाटलंय, तेवढंच बदलायचं. मला उद्यापासनं तीन दिवस विट्याला लग्नाला जायचंय, पण दिगू करंल. बसा, च्या घ्या."

मास्तर बसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"वाजवतोस म्हणे तू."

"वाजवतो थोडंफार," मी म्हणालो.

"रियाज किती?"

"दुकानातनं सुटल्यावर... दोन तास."

"बरं आहे," ते म्हणाले, आणि पेटीवरचे हात सावकाश काढून घेतले. पायऱ्या उतरताना एकदा मागं वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, पेटीकडे.

ही एकोणऐंशी सालच्या एप्रिलातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो. आई-वडील लहानपणीच गेलेले, काकांनी वाढवलं, पेट्या दुरुस्त करायला शिकवलं. सांगलीत तेव्हा गाणं-बजावणं भरपूर होतं आणि आमच्या दुकानाला काम कमी पडत नव्हतं. पण मला पेट्या दुरुस्त करायच्या नव्हत्या. मला वाजवायच्या होत्या.

हे वेड मला लावलं ते गुळवणी मास्तरांनीच, त्यांच्या नकळत. मी बारा वर्षांचा असताना काकांनी मला गोदावरीबाई शिरोळकरांच्या गाण्याला नेलं होतं. बाईंचं गाणं तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. पण त्यांच्या डाव्या अंगाला बसलेल्या माणसाची पेटी मात्र कानात घुसली ती घुसलीच. बाकीच्यांच्या पेट्या वाजत. ही बोलत होती. बाईंचा आवाज कुठं संपला आणि पेटी कुठं सुरू झाली ते कळायचं नाही. दोघांनी एकाच घशानं गावं तसं.

एकतीस वर्षं मास्तरांनी बाईंची साथ केली. दुसऱ्या कुणाची केली नाही. शाळेत गाणं शिकवायचे, खानावळीत जेवायचे, पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत एकटे राहायचे. लग्न केलं नाही. बाईंचा संसार मोठा, यजमान नामांकित वकील. गावात लोक काहीबाही बोलायचे, पण मास्तरांनी त्यांना 'बाई' आणि 'अहो' याखेरीज कधी हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या आणि मास्तरांनी बैठकीत वाजवणं सोडलं. बाईंनी उभ्या आयुष्यात एक रेकॉर्ड काढू दिली नव्हती. यंत्रासमोर गाणार नाही म्हणायच्या. त्यामुळं त्या गेल्या तशा पूर्ण गेल्या.

आता त्यांच्या स्मृतिदिनाला संगीत मंडळानं मास्तरांच्या नाकदुऱ्या काढून त्यांना एकट्यानं वाजवायला तयार केलं होतं. पत्रिका आमच्या दुकानातसुद्धा चिकटवली होती: गुरुवारी सायंकाळी साडेसहा, गुळवणी मास्तर यांचे स्वतंत्र संवादिनीवादन, राग यमन. बाईंचा यमन म्हणजे बाईंचाच.

आणि त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी अकरा वाजता, माझी रेडिओची स्वरचाचणी होती. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी मी नापास झालो तेव्हा परीक्षकांपैकी एकानं बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तयारी आहे रे तुझी. पण टोन नाही. कोरडा वाजतोस."

ते 'कोरडा' दीड वर्ष माझ्या कानात होतं.

आमच्या दुकानात या टोनवरून नेहमी वाद चालायचा. तबल्याला शाई भरून घ्यायला बर्वे तबलजी यायचे. ते आले की काका मुद्दाम मास्तरांच्या पेटीचा विषय काढायचे.

"सूर पॅरिसचे हायती त्या पेटीत," काका म्हणायचे. आमच्या धंद्यात सूर म्हणजे पेटीच्या पोटातली पितळेची पट्टी. तिच्यावर पातळ जीभ बसवलेली असते, भात्याची हवा लागली की ती थरथरते आणि आवाज येतो. "फ्रान्समधनं आलेलं पितळ. लढाईच्या आधीचं. तसलं आता मिळायचं नाही. माझी पेटीसुद्धा गाईल त्याच्यावर."

"पितळ गातंय होय, शंकरराव?" बर्वे हसायचे. "डावा हात बघा मास्तरांचा. भाता कसा ओढतात ते बघा. हात आहे तो! त्यांना खोक्यावर बसवा, खोकंसुद्धा गाईल."

"मग बसवा की खोक्यावर!"

मी मनातून काकांच्या बाजूचा होतो. का नसावं? टोन हातात असेल तर माझं भवितव्य संपलेलंच होतं. तो पितळेत असेल तर आशा होती.

काका रविवारी पहाटेच्या एसटीनं विट्याला गेले. मी दुकान उघडलं, मास्तरांची पेटी समोर घेतली आणि भात्याचं जुनं कातडं सोडवलं. नवं कातडं कापून, सरस लावून, चिमटे लावून सुकायला ठेवलं. दुपारी एकला माझं काम संपलं होतं.

मग मी आतला, सूर बसवलेला पाट उघडला.

नुसतं बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. वाजवायच्या एकोणचाळीस पट्ट्या, खाली सुरांच्या दोन ओळी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर सूर. जुन्या मधासारखा रंग आला होता पितळेला. कडेला बारीक परदेशी अक्षरं. मी एकेक सूर तोंडाजवळ धरून हळूच फुंकला. कसला आवाज! गोल, भरीव, दुधावर साय धरावी तसा.

एका सुरापाशी मात्र मी थांबलो. मधल्या सप्तकातली पांढरी एक, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीचा सूर. तो उतरला होता. शेजारचे सगळे जागच्या जागी आणि हा एकटाच खाली. त्याच्या जिभेवर कानशीचे बारीक ओरखडे होते, शेकडो, एकावर एक. कुणीतरी त्याला पुष्कळदा घासलं होतं. वाटलं, म्हातारपणी मास्तरांचाच कान उतरला असेल, किंवा सूर थकला असेल.

माझी पेटी दुकानातच मागं ठेवलेली असायची. मी ती पुढं घेतली.

कसं केलं ते सांगायला अजूनही जड जातं. पण काम करताना हात अजिबात थरथरले नाहीत, हेही खरं. दोन दिवस दुकानाचं दार अर्धं लावून ठेवलं. गिऱ्हाईक आलं तर काका नाहीत म्हणून सांगायचो. माझ्या पेटीतले अठ्ठ्याहत्तर देशी सूर काढून मास्तरांच्या पेटीत बसवले, त्यांचे पॅरिसचे माझ्या पेटीत. कुठं स्क्रूचं भोक जुळेना तिथं नवं पाडलं, कुठं सुराची कड घासली. मग माझी पेटी स्वरात लावून घेतली. पांढरी एक आली तेव्हा तिच्या जिभेखाली पत्र्याची चीप सरकवली आणि टोकाकडून कानस फिरवली. टोक हलकं झालं की सूर चढतो. चारदोन हातांत तो शेजाऱ्यांच्या रांगेत येऊन बसला. बरं वाटलं मला. इतक्या मोलाची वस्तू, आणि कुणी नीट लावलेली नव्हती.

मंगळवारी दुपारी मी माझी पेटी वाजवून पाहिली. छान वाजली. पूर्वीपेक्षा छान. तरी थोडा वेळ वाजवल्यावर काहीतरी ओळखीचं त्यातून डोकं वर काढायला लागलं, आणि मी भाता मिटला. नव्या सुरांना हाताची सवय व्हायला वेळ लागतो, असं म्हणालो, आणि पेटी रियाजाला घरी नेली.

बुधवारी सकाळी मास्तरांची पेटी पोचवायला गेलो. गिरणी चालू होती, जिना थरथरत होता, कठड्यावर पिठाचा थर. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, खुंटीवर दोन सदरे. भिंतीवर फोटो नव्हता कुणाचा. मास्तरांनी सतरंजी पसरली, पेटी समोर घेतली आणि खालची गिरणी थांबेपर्यंत नुसते बसून राहिले.

गिरणी थांबली. त्यांनी भाता मोकळा केला, दोन-तीनदा ओढून पाहिला. मग एकच पट्टी दाबली. एकच. बोट तसंच ठेवलं. सूर भाता संपेपर्यंत वाजला आणि विरला.

मी दाराच्या कडीकडे बघत होतो.

"भाता चांगला झालाय," ते म्हणाले.

"हो."

"आत उघडली होतीस का?"

"नाही, मास्तर."

त्यांनी बोट पट्टीवरून उचललं.

"बरं," ते म्हणाले. "काकांना नमस्कार सांग."

गुरुवारी संगीत मंडळाचा हॉल भरून बाहेर व्हरांड्यात माणसं उभी होती. व्यासपीठावर बाईंचा मोठा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार. मास्तर धुतलेल्या सदऱ्यात आले, फोटोला नमस्कार केला, बसले. तबल्यावर बर्वे. काका विट्याहून परतले होते. ते आणि मी तिसऱ्या रांगेत.

पहिल्या सुरालाच सगळ्यांना कळणार, असं मला वाटत होतं. माझेच ते सूर होते. 'कोरडा' ठरलेले. आता हॉलमधलं कुणीतरी उठून म्हणणार, हे काय, मास्तरांच्या पेटीला झालं काय?

मास्तरांनी भाता ओढला.

कसं सांगू? तोच आवाज आला. बारा वर्षांचा असताना ऐकलेला, तोच. गोल, ओला, माणसाच्या घशातून यावा तसा. माझ्या पेटीत दहा वर्षं जे पितळ खरखरत पडलं होतं ते त्यांच्या हाताखाली गात होतं. शेजारच्या एका बाईंनी पदरानं डोळे टिपले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "अहो, बाईच बसल्यात असं वाटतंय." काकांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "बघ! पॅरिसचं पितळ! ऐक, ऐक!"

मी ऐकत होतो. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं वाटत होतं.

मास्तरांनी पाऊण तास वाजवलं. नेहमी डोळे मिटून वाजवणारा माणूस त्या दिवशी डोळे उघडे ठेवून वाजवत होता. लोकांकडे बघत होता. एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर, रांगेमागून रांग, काही हरवलेलं शोधावं तसं. त्यांची नजर माझ्यावरही आली आणि क्षणभर थांबून पुढं गेली.

कार्यक्रम संपल्यावर जिन्यात काका आणि बर्वे नेहमीसारखे जुंपले.

"सूर, बर्वे, सूर!"

"हात, शंकरराव! मी शेजारी बसलो होतो. मला विचारा!"

दोघंही खुशीत होते. मी त्यांच्या मागून खाली मान घालून चाललो होतो. अख्ख्या सांगलीत त्या वादाचा निकाल ठाऊक असलेला मी एकटाच होतो, आणि तो सांगण्याची मला सोय नव्हती.

घरी आल्यावर जेवणाआधी माझी पेटी काढली. मास्तरांनी वाजवलेलं तेच वाजवून पाहू लागलो. अठ्ठ्याहत्तर अस्सल सूर, आणि वाजत होतो मी. कोरडा. दीड वर्षापूर्वी होतो तसाच. तरी इरेला पेटून पुन्हा पुन्हा त्यांच्या जागा काढत होतो, आणि ते करताना एक गोष्ट माझ्या बोटांच्या लक्षात आली, डोक्याच्या आधी. एक पट्टी लागतच नव्हती. पांढरी एक.

पत्रिकेत यमन छापला होता. मास्तरांनी दुर्गा वाजवला होता. यमनात गंधारावर सगळा डोलारा. दुर्गामध्ये गंधारच नाही. आणि बाई काळी चारमध्ये गायच्या, म्हणजे त्यांचा षड्ज काळी चारवर. काळी चारचा गंधार म्हणजे पांढरी एक. पाऊण तास मास्तर त्या एका पट्टीला वळसा घालून गेले होते; राग बदललेला सगळ्यांना कळला होता, पण हा वळसा भरलेल्या हॉलमध्ये कुणालाही जाणवला नव्हता.

शुक्रवारी काकांना बरं नाही म्हणून सांगितलं आणि घरी बसून माझ्या पेटीतला एकेक सूर काढला. शनिवारी सकाळी ते सगळे एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधले, कानस, चीप आणि पेचकस पिशवीत टाकले आणि गिरणीचा जिना चढलो. साडेनऊ वाजले होते. अकराची चाचणी त्या पेटीवर द्यायची होती, आणि पेटी घरी पोट उघडून रिकामी पडली होती.

मास्तर खाटेवर बसले होते. मी फडकं त्यांच्यापुढं सतरंजीवर ठेवलं आणि गाठ सोडली. त्यांनी पितळेकडे पाहिलं. मला वाटलं होतं शिव्या देतील, काकांना बोलावतील. मी तयारी करून गेलो होतो.

"बस," ते म्हणाले.

"मास्तर, मी..."

"कळलं होतं मला. पहिल्याच सुराला."

"मग बोलला का नाहीत? बुधवारी? मी तोंडावर खोटं बोललो तुमच्या."

"काय बोलणार होतो? दुसऱ्या दिवशी बाईंचा कार्यक्रम." त्यांनी फडक्याची कड सरळ केली. "आणि मला बघायचं होतं. कुणाला कळतंय का. सगळे जुने लोक होते समोर, तीस-तीस वर्षं बाईंना ऐकलेले. बर्वे शेजारी. म्हटलं, कुणाच्या तरी कपाळाला आठी पडेल. मी शोधत होतो. नाही पडली. लोक रडत होते, दिगू. टोन तसाच आहे म्हणून."

"तसाच होता," मी म्हणालो. "देवाशपथ, मास्तर. माझेच टाकाऊ सूर, पण आवाज तुमचाच होता. मी त्यासाठी तर..."

"माझा होता. तेच सांगतोय मी."

त्यांनी फडक्यातले सूर बोटानं बाजूला सारत सारत एक उचलला. पांढरी एक. अठ्ठ्याहत्तरांतून त्यांना तो बघावाही लागला नाही.

"सेहेचाळीस साली जमखिंडीला पहिली बैठक झाली आमची. बैठक संपल्यावर बाई म्हणाल्या, मास्तर, वाजवता छान, पण तुमचा गंधार मला टोचतो. त्यांचा गंधार खाली असायचा. चुकलेला नव्हे. तो त्यांचाच होता, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मी ऐकला नाही. मी घरी येऊन हा सूर काढला आणि घासला. पुढच्या बैठकीला बाई म्हणाल्या, अजून. परत घासला. कधी जास्त उतरायचा, मग चढवायचा. असं वर्षभर चाललं. एक दिवस कुरुंदवाडला गाताना त्या गंधारावर थांबल्या, मी पट्टी दाबली, आणि त्यांनी नुसती मान हलवली. त्यानंतर त्याला कानस लागली नाही."

खाली गिरणी सुरू झाली. ते थोडं मोठ्यानं बोलू लागले.

"बाई गेल्यावर मी कुणापुढं वाजवलं नाही. पण रोज सकाळी ही एक पट्टी दाबत होतो. बाकी काही नाही. एवढी एकच." त्यांनी सूर माझ्या हातात दिला. "बसव सगळे. जमेल ना?"

तो मी घासलाय, हे मला तेव्हा सांगायला हवं होतं. ते न सांगता मी पेटी उघडली आणि कामाला लागलो. मास्तर स्टोव्हवर चहा करत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "आज सुट्टी वाटतं दुकानाला?" मी हो म्हणालो. अकरा कधी वाजून गेले ते मी पाहिलंही नाही. दुपारी तीन वाजता शेवटचा स्क्रू बसवला आणि पेटी त्यांच्याकडे सरकवली.

त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले. गिरणी जेवणासाठी बंद होती. भाता ओढून त्यांनी पट्टी दाबली.

बोट लगेच उचललं. परत दाबलं.

"घासलास?"

"मला वाटलं उतरलाय," मी म्हणालो. "मास्तर, मला वाटलं... मी चढवला."

त्यांनी तिसऱ्यांदा पट्टी दाबली आणि भाता संपेपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "तुझा कान बरोबर आहे. उतरलेलाच होता तो."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी सावरलो असतो.

"मी परत उतरवतो," मी म्हणालो. "मुळाशी घासला की उतरतो. तुम्ही सांगा, मी घासतो. तुम्हाला ठाऊक आहे ना कुठं होता."

"हो," ते म्हणाले. "मला नाही तर कुणाला?"

मी सूर काढला. मुळाशी दोन हात मारले, बसवला, त्यांनी दाबला. "अजून." काढला, घासला, बसवला. "अजून थोडा." "हा?" "नाही, गेला खाली." टोकाला एक हात. "हा?" ते कान पेटीला लावून ऐकायचे. मग षड्ज धरून गंधार स्वतः गुणगुणायचे, तो खाली-वर करून बघायचे, पुन्हा पट्टी दाबायचे. "कर परत." जीभ झिजत चालली होती. यापुढं फार घासलं तर तुटली असती, हे मला दिसत होतं. किती वेळा काढला आणि किती वेळा बसवला, मोजदाद राहिली नाही.

शेवटी एकदा मी सूर बसवला तेव्हा त्यांनी पट्टी दाबलीच नाही. ते खिडकीकडे बघत गुणगुणत होते. एकच स्वर. मग जरा वरचा. मग जरा खालचा. मग थांबले.

"मास्तर, हा बघा ना."

"आठवत नाही रे," ते म्हणाले.

मी हातातली कानस खाली ठेवली.

"रोज इथं दाबत होतो ना, म्हणून मला वाटायचं मला पाठ आहे. डोक्यात नव्हताच तो. इथंच होता."

मी रडायला लागलो. सव्वीस वर्षांचा घोडा, सतरंजीवर बसून. त्यांनी मला रडू दिलं. थोड्या वेळानं पट्टी दाबली, ऐकली, म्हणाले, "असू दे. हाच असेल. हाच आहे." आणि मला दाखवायला म्हणून त्या गंधारावरून यमनाची एक लहानशी आलापी वाजवली. सुंदर वाजली. खाली रस्त्यावरून जाणारा कुणीतरी थबकून वर पाहू लागला, इतकी सुंदर. मास्तरांचा चेहरा मात्र पाहुण्याला वाट सांगणाऱ्या माणसाचा असतो तसा होता.

भाता मिटल्यावर ते म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस."

"काकांना सांगतो मी. मला शिक्षा..."

"तुझ्यासाठी नाही म्हणत मी. तू हे सांगितलंस की बर्वे गावभर डंका पिटतील. म्हणतील, बघा, सूर बदलले तरी टोन तोच, म्हणजे टोन मास्तरांच्या हातातच होता. माझा सत्कार करतील ते लोक." त्यांनी पेटीवर झाकण घातलं. "एकतीस वर्षं तो दोघांचा होता, दिगू. एकट्याचा आहे असं मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही."

मी सांगितलं नाही. काकांना नाही, बर्व्यांना नाही, लग्न झाल्यावर बायकोलाही नाही. आता त्यातलं कुणीच उरलं नाही म्हणून लिहितो आहे. चाचणीला का गेलो नाही असं काकांनी विचारलं तेव्हा हिंमत झाली नाही म्हणून सांगितलं. पुन्हा अर्ज केला नाही. पेट्या दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेव्हापासून एक नियम केला. दुरुस्तीला आलेल्या पेटीत एखादा सूर चढा-उतरा दिसला, तर मालकाला विचारल्याशिवाय त्याला कानस लावत नाही. लोक हसतात. म्हणतात, बिघडलाय तो, विचारायचं काय त्यात.

मास्तर त्यानंतर आणखी चार वर्षं होते. दर गुरुवारी मी जात असे. जाताना भाजी, कधी फरसाण न्यायचो. ते मला शिकवायचे, भाता कसा श्वासासारखा घ्यायचा ते दाखवायचे; माझा कोरडेपणा थोडा कमी झाला असं म्हणायचे. शेवटी शेवटी मला बरं वाटावं म्हणून स्वतः थोडं वाजवायचे. यमनसुद्धा. मी समोर बसून ऐकायचो आणि दर वेळी वाटायचं, यापेक्षा गोड पेटी जगात कुणी वाजवली नसेल.

"छान, मास्तर," मी म्हणायचो.

"झालं बरं?" ते विचारायचे. खरंच विचारायचे. त्यांना ते माझ्याकडूनच कळून घ्यावं लागत होतं.